अशी कोणी बाई नाही

करामा, दुबई
रविवार, ६ ऑक्टोबर १९९६

ती. हेमूदादास,

नमस्कार. साष्टांग लिहायला हवा, पण गुडघे खोटं बोलू देत नाहीत.

तुझं गणपतीनंतरचं पत्र पोचलं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. काळा चष्मा लावून त्या चुलीपाशी जाणार नाहीत एवढं बघ. तू स्वतः चहा करायला शिकलास तर आणखी उत्तम. सत्तरीला आलास.

इथे सर्व खुशाल. सुजीतचं काम चांगलं चाललं आहे. कंपनी चांगली आहे. मुग्धाची तब्येत चांगली आहे. इरा सहावीत गेली, अभ्यासात चांगली आहे. ऊन अजून आहे, पण पूर्वीइतकं नाही. रस्ते स्वच्छ आहेत. कोथिंबिरीची जुडी एक दिरहम, म्हणजे आपले दहा रुपये, पण ताजी मिळते. सरकार परदेशी लोकांची फार काळजी घेतं. कागदपत्रं नसलेल्यांना शिक्षेशिवाय आपापल्या देशी जाता यावं म्हणून मुदत दिली होती, ती आता या महिनाअखेरपर्यंत वाढवली आहे. उदार गोष्ट आहे.

घरात कामाला कोणी नाही. सगळं मुग्धा आणि मी करतो. मागे मी कुणा बाईबद्दल काही लिहिलं असेल तर ते विसरून जा.

दिल्लीच्या सरकारबद्दल तू लिहिलेले चार शब्द वाचून करमणूक झाली, पण यापुढे पत्रात राजकारण नको. कात्रणंही पाठवू नकोस. प्रकृती आणि हवामान एवढं पुरे.

वहिनींना नमस्कार.

तुझी बहीण,
मृणालिनी

ता. क. हे पत्र वाचून मी आजारी आहे असं तुला वाटेल. मी आजारी नाही.


करामा
बुधवार, १६ ऑक्टोबर १९९६

हेमूदादा,

हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तू पाहिलंसच. ते आणणारे खैरुद्दीन आमच्या इमारतीखालचे किराणावाले, मूळ गुहागरकडचे. मुंबईला उतरून तसेच एस.टी.ने तुझ्याकडे येणार आहेत. त्यांना आधी बसव, चहा दे, आणि मग वाच. वाचून झालं की त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे.

मागच्या पत्रातली हवा आणि कोथिंबीर खरी होती. बाकीचं तसं का लिहिलं ते सांगते.

इथे पोस्टमन दारी येत नाही. घराला पत्ताच नसतो. पत्रं येतात ती पोस्ट बॉक्सवर, आणि बॉक्स असतो कंपनीचा. कंपनीचा माणूस पोतं उचलून आणतो, ऑफिसात वाटणी होते, संध्याकाळी सुजीत माझी पत्रं ब्रीफकेसमधून आणतो. मी तुला लिहिते तेही त्याच वाटेने बाहेर पडतं. म्हणजे तू मला जे लिहितोस ते आधी सुजीतच्या साहेबाच्या टेबलाजवळून जातं. दोन वर्षं मला याचं काही वाटलं नाही. तुझं शेवटचं पत्र मात्र डिंक लावून पुन्हा चिकटवलेलं होतं. मी बेवारस पत्रांच्या खात्यात बावीस वर्षं काढली आहेत, मुंबईभरची पत्ता न सापडलेली पाकिटं मी कायद्याने उघडली आणि कायद्याने बंद केली. वाफेवर उघडलेलं पाकीट कडेला कसं फुगतं ते मला कोणी शिकवायला नको. तुझी पत्रं आता कोणीतरी वाचतं, दादा. मराठी येणारा माणूस त्यांना कुठे मिळाला कोण जाणे. तुझं अक्षर लागलं असेल तर कौतुकच आहे.

आता कामवालीबद्दल. आमच्याकडे बाई आहे. मैमुनाबी. तुझ्याच जिल्ह्यातली, जयगडच्या खाडीकाठची. पंचावन्नच्या आसपासची असेल. एक्याऐंशी साली एका अरब कुटुंबाकडे घरकामाला आली. चार वर्षांनी तिची मालकीण वारली, घर मोडलं, पोरं पांगली. थोरल्या मुलाने हिचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवला आणि हिला दार दाखवलं. व्हिसा संपला. पासपोर्ट नाही म्हणून जाता येत नाही, व्हिसा नाही म्हणून राहता येत नाही. अकरा वर्षं ती या इमारतीत तीन घरची कामं करते आणि बस स्टॉपवर पोलीस दिसला की मागच्या गल्लीने येते. भाकरी अशी करते की मला माझ्या हातांची लाज वाटावी.

या वर्षी नवा कायदा आला. कागदपत्रं नसलेल्यांनी मुदतीत निघून जावं, नंतर सापडला तर तुरुंग. त्याला कामाला ठेवणाऱ्यालाही दंड आणि तुरुंग. मैमुनाबी उठली, खैरुद्दीनसोबत त्या मुलाकडे पासपोर्ट मागायला गेली. त्याने दार उघडलं नाही. तीनदा गेली. तिसऱ्यांदा आतून टीव्हीचा आवाज वाढवला म्हणे.

मग मी जे केलं ते तुला कळलंच असेल. आयुष्यभर तेच करत आले आहे. पेपरला पत्र लिहिलं.

इथल्या इंग्रजी पेपरात. दोनशे शब्द. मी लिहिलं की जाणाऱ्याला जा म्हणणारा, पण पासपोर्ट कुलपात ठेवणाऱ्याला कुलूप काढ न म्हणणारा कायदा हा अर्धा कायदा आहे, आणि तो लिहिणाऱ्याने घरकाम करणारी बाई कधी पाहिलेली नाही किंवा माणसांत धरलेली नाही. शेवटचं वाक्य संपादकाने कापलं. उरलं तेही पुरेसं होतं. मैमुनाबीचं नाव लिहिलं नाही, फक्त 'माझ्या ओळखीची एक बाई' म्हटलं. पण खाली माझं स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं, आणि नावाखाली पत्ता. निनावी पत्रं मी टोपलीत टाकत आले, ती मी कशी लिहिणार? आता मला पत्ता कुठला? लिहिला पोस्ट बॉक्स नंबर. आणि पेपरवाल्यांनी तो तसाच छापला.

कंपनीच्या प्रत्येक बिलावर तो नंबर असतो. सुजीतच्या मॅनेजरने सकाळी कॉफी पिताना कायद्यावर टीका करणारं पत्र वाचलं आणि त्याखाली स्वतःच्या कंपनीचा नंबर पाहिला.

सुजीत त्या दिवशी दुपारीच घरी आला. चेहरा खडूसारखा. बूट न काढता आत आला. मला म्हणाला, "आई, तू काय केलंस? तुला कळतंय का? माझा व्हिसा कंपनीचा, मुग्धाचा माझ्यावर, इराचा माझ्यावर, तुझा माझ्यावर. त्यांनी एक कागद फाडला की आपण चौघं खलास."

मी म्हटलं, "मी खोटं लिहिलेलं नाही."

"खोटं कोण म्हणतंय?" तो ओरडला, आणि मग स्वतःच उठून त्याने खिडकी लावली.

दादा, माझा मुलगा खिडकी लावतो. मी त्याला असा वाढवलेला नव्हता.

नंतर कंपनीचे पी.आर.ओ. मोहिद्दीन घरी येऊन गेले. व्हिसा, परवाने, पोलीस असली कामं ते बघतात. मलबारचे आहेत, सभ्य माणूस. बोलणं झालं, चहा झाला, प्रकरण मिटलं.

इराचं सांगते. तिच्या शाळेत अमेरिकन पुस्तकं आहेत. फी कंपनी भरते, म्हणजे तीही दोरी त्यांच्याच हातात. गेल्या आठवड्यात ती इतिहास मोठ्याने पाठ करत होती. अमेरिकेत सतराशे अठ्ठ्याण्णवमध्ये सरकारने एकाच उन्हाळ्यात दोन तऱ्हेचे कायदे केले. परक्यांना नुसत्या संशयावरून देशाबाहेर काढायचे, आणि सरकारविरुद्ध लिहिणाऱ्याला तुरुंगात टाकायचे.

"आजी, लिसन! विदाउट एनी कोर्ट! अँड न्यूजपेपरवाल्यांना जेल! सो अनफेअर!"

मुग्धा ओल्या हातांनी धावत आली. "इरा, हळू."

"मम्मा, इट्स टू हंड्रेड इयर्स एगो!"

"कितीही असोत. मनात वाच."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं आजी काहीतरी फटकळ बोलेल आणि मम्माला गप्प करेल. मी म्हटलं, "मनात वाच, बाळ." मग मी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

मला त्या धड्याचं एक विचारायचं होतं. दोन्ही कायदे बरोबरच का केले असतील? तू इतिहासाचा नाहीस, पण वाचतोस. मला वाटतं, परक्याला काढायचं तर त्याच्या बाजूने बोलणारा आधी गप्प करावा लागतो. आणि बोलणाराच परका असेल तर कष्ट निम्मे.

प्रकरण मिटलं असं वर लिहिलं. कसं मिटलं ते लिहिलं नाही. दोन दिवस हे पत्र तेवढ्यावर थांबलं होतं. आज सगळे बाहेर गेले आहेत, तेव्हा लिहून टाकते.

मोहिद्दीन आले तेव्हा इरा शाळेत होती. सुजीत, मुग्धा आणि मी त्यांच्यासमोर बसलो होतो. मैमुनाबी आत भांडी घासत होती. तिला पाठवायला वेळच मिळाला नाही. मोहिद्दीननी चिवडा खाल्ला, चांगला म्हणाले. मग पेपर उलगडला.

"माताजी, मैं आपके बेटे जैसा हूँ. आपकी इंग्लिश बहुत अच्छी है. हमारे मैनेजर साहब ने डिक्शनरी निकाली. बस, लिखना नहीं था."

"इसमें झूठ क्या है?" मी विचारलं.

"झूठ नहीं है, यही तो प्रॉब्लेम है. झूठ होता तो कोई पूछता नहीं." ते खरंच हसले. "देखिए, अगर वो औरत सच में है, तो पूछेंगे, कहाँ है? किसके घर काम करती है? चाय कौन बनाता है? और अगर ऐसी कोई औरत है ही नहीं, आपने अपने दिमाग से बनाई, तो किसको ढूँढेंगे? खलास."

त्याच वेळी आतला नळ बंद झाला.

इतका वेळ तो आवाज होता हे बंद झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. मुग्धा आणि सुजीत माझ्या दोन बाजूंना, इरा शाळेत, आत नळ बंद करायला कोणी असायला नको होतं. मोहिद्दीननी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सुजीतच्या कपाळावरचा घाम मला एसीत दिसला.

"टाकीचं पाणी गेलं वाटतं," मुग्धा म्हणाली. मराठीत म्हणाली, तिचं हिंदी पळालं होतं.

मोहिद्दीननी चहाचा घोट घेतला. "हाँ," ते म्हणाले, "करामा में पानी का बहुत प्रॉब्लेम है."

त्या माणसाचं भलं होवो. त्याने बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. त्यावर होतं की सदर पत्रातली स्त्री काल्पनिक आहे, अशी कोणी बाई माझ्या माहितीत नाही, आणि शासनाच्या कायद्याबद्दल वापरलेल्या शब्दांविषयी मी दिलगीर आहे. हे पेपरात छापलं जाईल, एक प्रत कंपनीत राहील, बाकी काही होणार नाही. "ऐसी कोई औरत है ही नहीं, इतना ही बोलना है, माताजी."

त्या कागदात एक स्पेलिंग चुकलेलं होतं. मी पेन घेतलं, ते दुरुस्त केलं, आणि सही केली.

मला कशाची जास्त लाज वाटते सांगू? सही भीतीने केली. स्पेलिंग कोणाच्या भीतीने दुरुस्त केलं?

ते गेल्यावर मैमुनाबी बाहेर आली. हात पदराला पुसत होती. दारापाशी उभी राहिली.

"बाय, मंग मी कोन?"

मी म्हटलं, "अगं, हे तुझ्याच भल्यासाठी. तू नाहीस म्हटलं की तुला कोणी शोधणार नाही."

"व्हय," ती म्हणाली. "सगले माझ्या भल्यासाठीच करतत. त्या पोरान पासपोर्ट पन माझ्या भल्यासाठीच ठेवलान. माझ्याकडना हरवंल म्हनून."

मग ती आत गेली, राहिलेली भांडी घासली, ओटा पुसला, फडकं वाळत घातलं आणि गेली. त्यानंतर आलेली नाही. खैरुद्दीनच्या घरी, त्यांच्या बायकोजवळ आहे. परवा समोरच्या रस्त्यावर व्हॅन उभी राहिली आणि सहा माणसांना बसवून घेऊन गेली. मी पडद्याआडून पाहिलं. त्यांच्यात ती आहे का, एवढंच पाहिलं. नाही हे कळल्यावर मला हायसं वाटलं, आणि त्या सहाजणांचा विचार मी संध्याकाळपर्यंत केला नाही. हे असं होतं, दादा. माणूस इतका आखूड होतो.

आणीबाणीत, शहात्तर सालच्या दिवाळीत तुझ्या घरी, सगळ्यांदेखत, मी तुला भेकड म्हटलं होतं. तुझ्या कॉलेजातल्या मित्राला पकडून नेलं होतं आणि प्राचार्यांनी पुढे केलेल्या कागदावर तू लिहून दिलं होतंस की तुमचा काही संबंध नव्हता. दहा वर्षं तुम्ही एका टेबलावर डबा खात होता. तू एवढंच म्हणालास, "मृणाल, मुली लहान आहेत." त्यानंतर वीस वर्षं आपण प्रकृती, हवामान आणि पेपरातल्या बातम्या एवढंच लिहितो आहोत, मग कंपनीला आपली पत्रं उघडून मिळणार काय?

तो शब्द मी मागे घेत नाही. तो खरा होता, आणि आता माझ्याबद्दलही खरा आहे. पण वीस वर्षांत मी तुला एक विचारलं नाही, ते विचारते. तो सुटून आल्यावर तुला भेटला का? त्याने काय विचारलं? तू काय सांगितलंस? मला आज उपयोग होईल.

आता काम.

पासपोर्ट नसेल तर आपलं कॉन्सुलेट एकदाच परत जाण्यापुरता कागद देतं. त्याला ती भारतातली आहे याचा काही पुरावा हवा. रेशनकार्डावरून भावांनी तिचं नाव केव्हाच काढलं. जमिनीत वाटणी मागेल म्हणून, दुसरं काय. पण ती गावच्या उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली. शाळेच्या रजिस्टरात नाव असेल: मैमुनाबी अब्बास मुकादम, जन्म एक्केचाळीस किंवा बेचाळीस. खैरुद्दीन म्हणतात, "कचेरीत माझं कोन ऐकनार, बाई? तुमच्या दादांचं ऐकतील." त्या जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांत तुझे विद्यार्थी बसले आहेत. खैरुद्दीनबरोबर तिच्या गावी जा. दाखल्यावर शिक्का घे, तहसीलदाराची सही घे, आणि रत्नागिरीहून सरळ कॉन्सुलेटला फॅक्स कर. नंबर खैरुद्दीनकडे आहे. कंपनीच्या नंबरावर नको. तारीख पंचवीसच्या आत. एकतीसनंतर ती या देशात सापडली तर तिची जागा तुरुंगात आहे. आणि तिला घरात ठेवणाऱ्या खैरुद्दीनची आणि माझी शेजारशेजारच्या कोठड्यांत.

फॉर्मवर आणखी एक रकाना आहे. इथे कायदेशीर राहणाऱ्या एकाने लिहून द्यायचं की मी हिला ओळखतो. खैरुद्दीनचा स्वतःचा व्हिसा नूतनीकरणाला गेला आहे, त्यांचा पासपोर्ट इथल्या अरब जामीनदाराकडून परत मिळाला तो फक्त या प्रवासापुरता. बाकीच्या दोन घरांना विचारलं. एकीने सांगितलं की आमचे मिस्टर नको म्हणतात. दुसरीने दारातूनच विचारलं, "कोण मैमुनाबी?"

तिला काय बोलू? तो प्रश्न मीच पेपरात छापून आणला होता.

म्हणून शनिवारी, सव्वीस तारखेला, मी मैमुनाबीबरोबर कॉन्सुलेटला जाणार आहे. मोहिद्दीन कंपनीचे कागद घेऊन रोज त्याच आवारात असतात. त्यांनी मला पाहिलं तर या वेळी पाण्याचा प्रॉब्लेम म्हणतील की नाही, सांगता येत नाही. अशी कोणी बाई नाही असं लिहिलेला माझा कागद त्यांच्या फाइलीत आहे. दोन्ही कागद एका टेबलावर आले तर सुजीतची नोकरी गेली, इराची शाळा गेली. सुजीतला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पाया पडेल, आणि मी जाणार नाही. माझी मला खात्री नाही म्हणून सांगत नाही.

फार भीती वाटते, दादा. जिन्यात पाऊल वाजलं की मी कागदावर हात ठेवते. आम्ही चौघं तुझ्या दारात येऊन ठेपलोच तर काही विचारू नकोस. आधी इराला खायला दे.

खैरुद्दीन दुपारी पत्र न्यायला येतील. मैमुनाबीला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. तिला शनिवारी सकाळी खाली भेटायचं ठरलं आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

नोकरीत मी दिवसाला शंभर सह्या करत असे. त्या कागदानंतर नावापाशी आलं की हात अडतो. परवा इराच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना अडला. खिडकीवरच्या कारकुनासमोर तो अडून चालणार नाही. म्हणून त्या रकान्यात जे लिहायचं आहे ते आधी इथे लिहून बघते.

मैमुनाबी अब्बास मुकादम या बाईला मी ओळखते.

मृणालिनी वासुदेव टिपणीस